पाथरी घेतली, रेवदंडा दिला

आजचा भाग समुद्राचा आहे. परभणीत बसून समुद्र कुठून काढला, असं तुम्ही मनात म्हणायला असाल. आपल्याकडं पाणी म्हटलं की गोदावरी, दुधना, पूर्णा, नाहीतर मग नळाला आठवड्यातून एकदा येतं ते. पण आजच्या गोष्टीची एक गाठ आपल्या पाथरीत आहे आणि दुसरी रेवदंड्याच्या खाडीत.

आधी दोन तारखा डोक्यात ठेवा. १५१८ आणि १५२१. १५१८ साली अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहानं पाथरी जिंकली. १५२१ साली त्याच बुऱ्हाणानं पोर्तुगिजांना कोकणात रेवदंड्याला किल्ला बांधायची परवानगी दिली. तीन वर्षांत एकाच राजानं एक गाव हट्टानं घेतलं आणि दुसऱ्या गावाची किनारपट्टी सहीशिक्क्यानं देऊन टाकली. घेतलेलं गाव कोरडं, दिलेलं समुद्रावरचं. आज हिशेब मांडला तर वेड्यासारखा वाटेल. पण त्याच्या बाजूनं बघितलं तर दोन्हीला कारण होतं.

पाथरीचं कारण घरचं होतं. आज पाथरी म्हटलं की साईबाबांचा जन्म आणि २०२० सालचा शिर्डी बंद आठवतो, तो वाद आज बाजूला ठेवू. त्याच्या कितीतरी आधी पाथरी एका राजघराण्याचं मूळ गाव म्हणून माहीत होती. फरिश्ता नावाचा इतिहासकार आधी अहमदनगरच्या दरबारात होता, पुढं विजापूरला गेला. त्यानं लिहून ठेवलंय की निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद, त्याचा बाप हसन, हा जन्मानं ब्राह्मण. नाव तिमाभट, वडिलांचं नाव भैरव. विजयनगरच्या मुलखात बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला, शिकला, चढत चढत बहमनी राज्याचा वजीर झाला. भैरवचं 'बहिरी' झालं आणि ते नाव घराण्याला चिकटलं. या घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी. म्हणजे गावचं दप्तर सांभाळणारी माणसं.

पुढं अहमद स्वतंत्र सुलतान झाल्यावर पाथरीचे भाऊबंद त्याच्या दरबारी आले. गावाकडची माणसं मुंबईतल्या पुतण्याकडं येतात ना, अगदी तसंच! पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. निजामशाहीनं आधी नीट मागून बघितलं, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. इमादशहा ऐकेना. शेवटी अहमदचा मुलगा बुऱ्हाण फौज घेऊन आला आणि गाव घेतलं. हा बुऱ्हाण म्हणजे तिमाभटाचा नातू. घेतलेली पाथरी त्यानं त्या ब्राह्मण नातेवाइकांना इनाम दिली, असं फरिश्ता म्हणतो. इमादशहानं ती परत घ्यायचा प्रयत्न केला आणि त्यातून दोन्ही शाह्यांचं कायमचं फाटलं. एका गावापायी.

आता दुसरी तारीख. रेवदंडा का दिलं? घोड्यांसाठी.

दख्खनमध्ये लढाईचे चांगले घोडे पैदा होत नव्हते. ते अरबस्तानातून, इराणातून जहाजानं यायचे, आणि ज्याच्याकडं बंदर नाही त्याचं घोडदळ दुसऱ्याच्या मर्जीवर. अहमदनगरचं समुद्रावरचं तोंड म्हणजे चौल. अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथलं बंदर. एका बाजूला सह्याद्रीच्या रांगा, दुसरीकडं अरबी समुद्र, मधल्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात, म्हणजे 'पेरिप्लस'मध्ये, कल्याणच्या खालचं बंदर म्हणून 'सेमिल्ला' येतं, ते हेच चौल. टॉलेमीकडंही आहे. दहाव्या शतकात अल मसुदी हा अरब प्रवासी इथं येऊन गेला, त्याच्या लिखाणात गावाचं नाव 'सैमूर'. तिथं सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असं तो लिहितो. राजा हिंदू, शिलाहार घराण्याचा. आणि १४६९च्या सुमारास रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफानासी निकितिन इथंच उतरला. वास्को द गामा यायच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. बरोबर काय होतं? एक घोडा. इथं घोड्याला भाव आहे हे त्याला वाटेतच कळलं होतं. चौलहून पाली, मग घाट चढून जुन्नर. जुन्नरच्या सरदारानं तो घोडाच काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. शेवटी एकानं मध्यस्थी केली म्हणून सुटला. तिथून तो बीदरला गेला. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. किल्ला बघायला जाणारी बहुतेक मंडळी त्याच्यासमोरून जातात आणि त्यांना पत्ता नसतो.

तर १५०५ नंतर पोर्तुगीज या किनाऱ्यावर फिरू लागले. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत मोठी लढाई झाली. इजिप्तच्या मामलूक सुलतानाचं आरमार आणि दीवचा मलिक अयाज एका बाजूला, पोर्तुगीज दुसऱ्या बाजूला. पोर्तुगीज हरले, त्यांच्या व्हाइसरॉयचा तरणाताठा मुलगा लोरेंसो इथंच मेला. बापानं पुढच्या वर्षी दीवला जाऊन सूड घेतला. त्यानंतर या समुद्रात पोर्तुगिजांचं चालू लागलं. जहाज हाकायचं तर त्यांचा परवाना, म्हणजे 'कार्ताझ', पाहिजे. नसेल तर माल जप्त. थोडक्यात, समुद्रावर टोलनाका.

बुऱ्हाणापुढं प्रश्न असा होता की या टोलवाल्याशी भांडत बसायचं की त्याला दारात जागा देऊन घोडे सुरळीत मिळवायचे. त्यानं दुसरा रस्ता धरला. चौलचं जुनं शहर त्याच्याकडंच राहिलं, ते 'वरचं चौल'. खाडीच्या तोंडाशी पोर्तुगिजांना जागा मिळाली, ते 'खालचं चौल', म्हणजे रेवदंडा. १५२४ पर्यंत किल्ला उभा राहिला. मला विचाराल तर निर्णय चुकीचा नव्हता. अर्धं शतक दोघांचंही बरं चाललं. चौलचं रेशमी कापड युरोपपर्यंत गेलं. फक्त दारात बसवलेला पाहुणा एक दिवस ओसरीवर येतो, ओसरीवरून माजघरात येतो, आणि हे बुऱ्हाणाच्या नातवांच्या वाट्याला आलं.

१५७० मध्ये दख्खनच्या सुलतानांनी एकत्र बेत केला. विजापूरच्या आदिलशहानं गोव्याला वेढा घालायचा, निजामशहानं चौलला, आणि खाली केरळात सामोरीनं चाल्याच्या किल्ल्याला. अहमदनगरच्या गादीवर तेव्हा मुर्तझा निजामशहा होता, बुऱ्हाणाचा नातू. महिनोन् महिने वेढा चालला. तोफा लागल्या, मठ आणि चर्च पडली, घराघरात लढाई झाली. तरी रेवदंडा पडलं नाही. का? समुद्र उघडा होता. गोव्याहून माणसं आणि धान्य जहाजानं येत राहिलं. फरिश्ता आणखी एक कारण देतो. निजामशाही सरदारांना पोर्तुगिजांनी आतून भेटी पाठवल्या, त्यातही दारू. फौज बाहेर चिखलात, सरदार तंबूत पोर्तुगीज दारू पीत. १५७१च्या पावसाळ्यात तह झाला.

त्याच १५७१च्या जूनमध्ये, हजारो किलोमीटर पूर्वेला, लेगाझ्पी नावाच्या स्पॅनिश सेनापतीनं मनिला शहराची स्थापना केली. पुढच्या वर्षी त्याच्या नातवानं, साल्सेदोनं, उत्तरेला व्हिगान वसवलं. व्हिगानचे फोटो तुम्ही रील्समध्ये नक्की बघितले असतील. दगडी रस्ते, घोडागाड्या, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या. मागं कॉर्डिलेराचे डोंगर, पुढं समुद्र, मध्ये नदीच्या मुखाशी गाव. १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. नकाशा जरा फिरवून बघितला तर रेवदंडाच वाटावं असा.

आणि हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. फिलिपिन्स हे नाव पडलं स्पेनच्या फिलिपवरून. १५८० मध्ये पोर्तुगालच्या गादीला वारस उरला नाही, तेव्हा याच दुसऱ्या फिलिपनं तीही गादी घेतली. १६४० पर्यंत दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर. म्हणजे साठ वर्षं मनिला, व्हिगान आणि आपलं रेवदंडा एकाच राजाच्या नावानं चालत होतं. साबण, बादली, बटाटा हे आपण रोज बोलतो ते शब्द पोर्तुगीज. मनिलातला माणूस त्याच वस्तूंना सबोन, बाल्दे, पटाटस म्हणतो, त्यानं ते स्पॅनिशमधून घेतले. पगार, चावी, लिलाव, घमेलं हेही आपल्याकडं पोर्तुगीजमधूनच आलेत. आपल्या मोंढ्यात कापसाचा, हळदीचा लिलाव होतो तो शब्द जहाजानं आलाय.

याच फिलिपच्या काळात दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहानं आणखी एक प्रयत्न केला. रेवदंड्याच्या समोर, खाडीच्या पलीकडं, एक लांबुडका डोंगर थेट समुद्रात घुसलाय. तो कोर्लई. त्यावर त्यानं किल्ला चढवला आणि तिथून रेवदंड्यावर तोफा डागायला सुरुवात केली. जागा अशी भारी की खालून जाणारं प्रत्येक जहाज माऱ्यात. सप्टेंबर १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी हल्ला करून तो डोंगर घेतला. पोर्तुगीज हकिकतीत असं आहे की जखमी हत्ती दारातच अडकला आणि आतल्यांना दार लावता आलं नाही. पाथरीच्या घराण्याची समुद्रावरची गोष्ट साधारण तिथं संपते. पुढं १६३६ मध्ये निजामशाहीच संपली.

मधली शंभर-दीडशे वर्षं मी भराभर ओलांडतोय. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी रेवदंड्याला वेढा दिला, पण किल्ला हाती आला नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगिजांचं कंबरडं मोडलं. गोव्याचा मुलूख वाचवायचा म्हणून १७४०च्या तहात त्यांनी रेवदंडा आणि कोर्लई दोन्ही मराठ्यांना देऊन टाकले. मध्यस्थ इंग्रज. कोर्लईवरच्या सॅन फ्रान्सिस्को बुरुजाचा गणेश बुरूज झाला, सॅन दिएगोचा पुस्ती बुरूज. मोठी माणसं, पाद्री, व्यापारी गोव्याला गेले.

आता मी ज्यासाठी हा भाग करतोय तिथं येऊ. सगळे गेले नाहीत.

जायला पैसा लागतो, तिकडं कुणी आपलं लागतं. किल्ल्यावरचे साधे शिपाई, शेतावर राबणारे, गुलामीतून सुटलेले, धर्मांतर केलेल्या खालच्या जातींतले लोक, हे सगळे कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशी राहिले. भोवतालच्या हिंदू गावांत धर्मामुळं सोयरीक नाही. वरच्या जातीतल्या ख्रिस्ती घराण्यांत जातीमुळं नाही. मग लग्नं आपापसातच. आणि घरात जी बोलत होते ती भाषा तशीच चालू राहिली. तिचं नाव 'नॉ लिंग'. पोर्तुगीजमध्ये 'नोसा लिंग्वा', म्हणजे 'आपली भाषा'. गावात आज ती बोलणारे हजाराच्या आतबाहेर आहेत. वसई-मुंबईकडचे ख्रिस्ती लोकसुद्धा अशा भाषा बोलायचे, त्या गेल्या. इकडं एका गल्लीइतक्या वस्तीनं ती पावणेतीनशे वर्षं टिकवली. राजा नाही, शाळा नाही, छापलेलं पुस्तक नाही.

क्लॅन्सी क्लेमंट्स नावाच्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं या भाषेवर वर्षानुवर्षं काम केलं, १९९६ मध्ये पुस्तक काढलं. त्यातल्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. पहिली म्हणजे पोर्तुगीज माणूस 'मी खातो भात' अशा क्रमानं बोलतो, क्रियापद मध्ये. कोर्लईची भाषा मराठीच्या शेजारात राहून 'मी भात खातो' अशी झाली. शब्द पोर्तुगीज, वाक्य आपलं. दुसरी गोष्ट तर माझ्या धंद्यातली वाटते. पोर्तुगीजमध्ये क्रियापदांचे तीन गट असतात, आर, एर, इर असे शेवट असलेले. कोर्लईत शेवटचा र गळाला, राहिले आ, ए, ई. मग मराठी क्रियापदं यायला लागली, ती कुठं बसवायची? त्यांच्यासाठी चौथा गट तयार झाला, शेवटी ऊ. जुन्या कोडला हात न लावता नवीन क्लास लिहिला! आणि हे कुणी बसून ठरवलं नाही. मासे विकताना, शेतावर, पोरांना रागावताना झालं.

मी रेवदंड्याला गेलो होतो मागच्या हिवाळ्यात. अलिबाग-मुरूड रस्ता किल्ल्याच्या तटातूनच आत शिरतो आणि पलीकडच्या तटातून बाहेर पडतो, एसटीत डोळा लागला तर किल्ला निघून जातो. आत वाड्या, विहिरी, माडांमध्ये चर्चच्या पडक्या भिंती. एक मनोरा आहे, लोक 'सातखणी' म्हणतात, आता मजले चारच उरलेत. वरून झुडपं उगवलीत. गावात बेने इस्रायली ज्यूंचं प्रार्थनाघर आहे. चौलला रामेश्वराचं देऊळ, त्याच्या मंडपात पर्जन्यकुंड, दुष्काळ पडला की ते उघडायची चाल होती. (हे कुंड आमच्याकडं पाहिजे होतं, रोजच्या वापरात आलं असतं.) पूल ओलांडला की साळावचा पोलाद कारखाना, तिथून उजवीकडं कोर्लई. किल्ल्याच्या पायथ्याशी दीपगृह. तिथं रिक्षा भरून पर्यटक येतात, फोटो काढतात, आणि गावातून सरळ निघून जातात.

गावात माउंट कार्मेल माउलीचं चर्च आहे. मिस्सा मराठीत होतो. साठच्या दशकात व्हॅटिकननं लॅटिन सोडून लोकांच्या भाषेत प्रार्थना करा असं ठरवलं, तेव्हा या गावाची 'लोकांची भाषा' मराठी धरली गेली. शाळा मराठी. ऐंशीच्या दशकात खाडीवर पूल झाला, अलिबाग जवळ आलं, नोकऱ्या मुंबईला. एका ओसरीवर आजी नातवाला काहीतरी ओरडून सांगत होती, मला एक अक्षर कळलं नाही. पोरगं मोबाइलवरून मान वर न करता म्हणालं, "थांब गं, येतो." मराठीत.

मला कोणाला दोष द्यायचा नाही. पूल नको होता असं म्हणणं म्हणजे त्या गावानं आपल्या अभ्यासासाठी मागास राहावं असं म्हणणं. मराठी शिकल्यामुळं त्यांना नोकऱ्या मिळाल्या, ते बरोबरच झालं. पण एक गोष्ट खटकते. फिलिपिन्सच्या दक्षिणेला झाम्बोआंगा शहर आहे, तिथं चावाकानो बोलतात, स्पॅनिश आणि तिथल्या भाषांची अशीच मिसळ. २०१२ पासून काही वर्षं तिथल्या सरकारनं लहान वर्गांत मातृभाषेतून शिकवायचं ठरवलं आणि पहिल्या बारा भाषांत चावाकानो घेतली. मुलांच्या हातात त्या भाषेचं पुस्तक आलं. तिची माणसं लाखांत आहेत, हे खरं. कोर्लईत एक वर्ग भरेल एवढीच मुलं. मग खर्चही केवढासा? आपण किल्ल्याच्या दगडावर फलक लावतो, कारण दगड हलत नाही आणि उत्तरही देत नाही.

आणि ही गोष्ट फक्त त्यांची म्हणून सोडून देता येत नाही मला. या भागाचा मजकूर आधी मशीनकडून लिहून घेतो आणि मग दुरुस्त करतो. मी 'करायलाय', 'जायलोय' म्हटलं की मशीन प्रत्येक वेळी 'करायला', 'जायला' लिहितं. परभणीची मराठी लाखो लोक बोलतात तरी ही गत, तर नॉ लिंगला कोण विचारतो. पुण्यात ऑफिसला लागल्यावर पहिल्या महिन्यात मी 'करायलाय'चं 'करतोय' केलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. घरी फोनवर आईशी बोलताना ते परत यायचं, आणि शेजारी सहकारी असला की आवाज खाली जायचा. कोर्लईच्या पोराला मी चांगला ओळखतो.

जायचं असेल तर सांगतो. परभणीहून नंदीग्राम नाहीतर देवगिरी एक्सप्रेसनं मुंबई, गेटवेवरून लाँचनं मांडवा, तिथून अलिबाग, अलिबागहून रेवदंड्याची एसटी. पावसाळ्यात लाँच बंद असते, तेव्हा सरळ रस्त्यानं जा. कोर्लईला दीपगृहाच्या आधी गावात थांबा. कुणी नॉ लिंगमध्ये बोलत असेल तर फोन पुढं करून रेकॉर्ड करायला लागू नका, आधी विचारा. आजी-आजोबांना विचारलंत तर ते खुशीनं बोलतात, आणि मासळी कुठून घ्यायची तेही सांगतात.

आणि पाथरी तर परभणीपासून तासाभरावर आहे, मानवतवरून पुढं. मंदिरात जाऊन याल तेव्हा गावात जरा फिरून या. पुढच्या भागात जिंतूर तालुक्यात, चारठाण्याला जाऊ. तिथला दगडी स्तंभ बघायचाय. भेटू.